रिस्ट्रेन म्हणजे बांधणे

मी, खाली सही करणारी, इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, अविवाहित, हे माझे मृत्युपत्र माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ आता कोणी बसतही नाही. मी रागात आहे. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, एवढं एक वाक्य काढा. उद्या कोणी म्हणेल, रागाच्या भरात लिहिलं." मी काढले नाही. रागाच्या भरात लिहिणे वेगळे आणि राग असताना लिहिणे वेगळे. रागाच्या भरात अक्षर बिघडते. माझे अक्षर कृपया पाहावे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे काही माझ्या एकुलत्या एक भाच्याला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलाला, दिले होते. ते आजपासून रद्द समजावे. का रद्द केले ते मी सविस्तर लिहिणार आहे, कारण भाचा हा कागद कोर्टात नेणार हे मला दिसते आहे आणि तेव्हा बोलायला मी नसेन. वकीलबाईंनी थोडक्यात लिहायला सांगितले आहे. त्या माझ्याच विद्यार्थिनी. शाळेतही निबंध अर्ध्या पानात उरकायच्या आणि कमी गुण मिळाले की रडायच्या. आता मात्र या कामात त्यांच्याएवढे खमके मला दुसरे कोणी माहीत नाही, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी. हे पहिले कलम.

कलम दुसरे, घर. हे दुमजली घर मी आणि दादाने मिळून घेतले. खाली त्याचा सुतारकामाचा कारखाना, वर आमच्या खोल्या. दादा खुर्च्या करायचा. टेबल करायला सांगितले तर करून द्यायचा, पण तोंड पाडून. "टेबलावर माणूस बसत नाही," म्हणायचा, "टेबलाला काय कळतं?" वहिनी गेल्यावर भाचा आमच्या दोघांच्या हाताखाली वाढला. त्याचा अभ्यास मी घेतला, त्याला सायकल दादाने शिकवली. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. यात वाईट काही नाही. मुले जातातच.

दादाला विसर पडू लागला तेव्हा त्याला ते आमच्या आधी कळले. एक दिवस तो जेवताना म्हणाला, "माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर कर. मला विकायची बुद्धी झाली तर तू नाही म्हण." तसा कागद झाला. त्या कागदावर भाच्याची संमतीची सही आहे. म्हणून घर आज माझे एकटीचे आहे आणि ते मला हवे त्याला देता येते, याबद्दल कोणी वाद घालू नये.

दादाचा विसराळूपणा रडका नव्हता. दिवस, वार, माणसे गेली, पण हात तसेच राहिले. समोरच्या दंतवैद्यांच्या घराचे दार खाली घासायचे. एका दुपारी दादाने त्यांना न विचारता ते बिजागऱ्यांसकट उतरवले, खालची कड रंध्याने तासली आणि पुन्हा बसवले. दवाखान्यातून जेवायला आलेल्या दंतवैद्यबाई आपल्याच घरासमोर थक्क होऊन उभ्या. "काका, हे काय केलंत?" दादा म्हणाला, "आता लोटून बघा." त्या लोटून पाहत राहिल्या.

पण एकदा तो मोठ्या रस्त्यापर्यंत गेला. ट्रक थांबवून ट्रकच्या लाकडी फळ्या तपासत होता. चालकाने ओळखीच्या दुकानात आणून सोडले म्हणून बरे. भाचा त्या दिवशी पांढराफटक पडला होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्याची भीती खरी होती. तो दुष्ट नाही. दुष्ट असता तर मी त्याला केव्हाच ओवाळून टाकले असते आणि हा राग एवढा टिकला नसता.

मग मी जिन्यावरून पडले आणि माझा खुबा मोडला. ऑपरेशन, खाट, वॉकर. दादाला बघायला घरात कोणी नाही, म्हणून भाच्याने त्याला गावाबाहेरच्या एका वृद्ध निवासात ठेवले. हिरवळ, उतरती वाट, भिंतीवर फुलांची चित्रे. मी इस्पितळातून रोज फोन करायचे आणि भाचा म्हणायचा, "बाबा मजेत आहेत आत्या. तू तुझ्या पायाकडे बघ." वॉकर घेऊन दारापर्यंत जाता येऊ लागले त्या दिवशी मी टॅक्सी केली आणि कोणाला न सांगता गेले.

दादा खाटेवर उताणा होता. दोन्ही मनगटे खाटेच्या कडेच्या गजांना पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेली, दोन्ही घोटे खालच्या गजांना. बोटे तेवढी मोकळी. अंगठा तर्जनीवर फिरत होता, पटाशीची धार तपासावी तसा.

"दादा."

त्याने मान वळवली. "आलीस? हे जरा सोड गं. माणूस खुर्ची न्यायला येईल, आणि इथे एक हात रिकामा नाही."

मी वॉकर भिंतीला टेकवला आणि गाठी सोडायला लागले. गाठी घट्ट होत्या. नखे तुटली, पण एक मनगट सुटले. मनगटाच्या हाडाभोवती कातडी सोलवटून चिकट झाली होती. तेवढ्यात निवासाचा व्यवस्थापक आला. तरुण, टापटीप, आवाज मऊ.

"मॅडम, त्याला हात लावू नका."

"यांना कोणी बांधलं?"

"बांधलेलं नाहीये. रिस्ट्रेन केलंय."

"म्हणजे काय?"

"पेशंटच्या सुरक्षिततेसाठी असतं ते."

"मी कारण नाही विचारलं. अर्थ विचारला."

त्याला अर्थ सांगता आला नाही. जी क्रिया तो सकाळी आठ वाजता आणि दुपारी चार वाजता नेमाने करवून घ्यायचा, तिला आपल्या भाषेत काय म्हणतात ते त्याच्या जिभेवर येईना. म्हणून मी इथे लिहिते. कोर्टात हा कागद वाचला जाईल तेव्हा तिथे कोणाला तरी उपयोगी पडेल.

रिस्ट्रेन हे क्रियापद मी नववीला शिकवायचे. मुले त्याची रिस्ट्रिक्टशी गल्लत करतात. रिस्ट्रिक्ट म्हणजे मर्यादा घालणे: वेगाला, खर्चाला, आत येणाऱ्यांच्या संख्येला. तिथे एक रेघ ओढली की काम झाले. रिस्ट्रेन म्हणजे जे उसळते आहे, निघाले आहे, जोर लावते आहे, त्याला धरून ठेवणे. जमाव, कुत्रा, हात, हसू, हुंदका. जोर लावणारे समोर नसेल तर हे क्रियापद वापरताच येत नाही. एखाद्याला काही करण्यापासून रोखले असे म्हणायचे तर पुढे फ्रॉम येतो आणि मग आयएनजी लावलेले क्रियापद. स्वतःला रिस्ट्रेन करणारा माणूस संयमी ठरतो, त्याची स्तुती होते. दुसऱ्याला रिस्ट्रेन करणाऱ्याची स्तुती करावी की नाही, ते तो कोणाला आणि कशाने करतो यावर असते. इस्पितळांत या शब्दाचा अर्थ एकच: माणसाचे हातपाय बांधणे. शब्दकोशात तोही दिलेला आहे. लपवलेला नाही. लपवतात माणसे. आपल्या बोलीत बोलताना मध्येच हा एक शब्द इंग्रजीत टाकतात, म्हणजे गाठ दिसत नाही.

व्यवस्थापकाचे एक वाक्य मात्र व्याकरणाला धरून होते. मी ओरडू लागले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, प्लीज, रिस्ट्रेन युअरसेल्फ." मी वॉकर उचलला आणि खोलीतल्या टेबलावरची काच फोडली. नाकारत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फोडीन.

दोन रखवालदारांनी मला दंडाला धरून फाटकाबाहेर आणले. खोलीच्या दारातून मी मागे बघितले होते तेव्हा तिथे कामाला असलेली एक बाई दादाचे मनगट पुन्हा गजाला लावत होती.

संध्याकाळी भाच्याचा फोन. "आत्या, काय तमाशा केलास? ते लोक बाबांना काढून टाकतील. मग मी कुठे नेऊ?"

"घरी ने. इथे."

"तुला स्वतःला चालता येत नाही! ते उठून रस्त्यावर गेले तर? पडले तर? तुझं काय झालं बघितलंस ना?"

"मी पडले. मग माझेही हात बांधायचे होतेस."

"उगाच शब्दांत पकडू नकोस. त्यांना रिस्ट्रेन करणं मेडिकली गरजेचं होतं. मी विचारून सही केली."

"कोणाला विचारून? त्याला विचारलंस?"

फोन बंद झाला. त्या महिन्यातच मला कोर्टाचा हुकूम आला. निवासाने अर्ज केला होता आणि भाच्याने मुलगा व पालक म्हणून त्याला दुजोरा दिला होता. मी हिंसक आहे, पेशंटला धोका आहे, म्हणून मला निवासाच्या आवारात पाऊल ठेवण्यापासून रोखण्यात येत आहे. इंग्रजी प्रतीत तेच क्रियापद होते, पुढे फ्रॉम, पुढे आयएनजी. एकही चूक नव्हती. मी शोधली.

इथे एक जुना हिशेब मिटवते, कारण तो याच शब्दाचा आहे. आमच्या शाळेचे त्या काळचे मुख्याध्यापक अजून हयात आहेत. तास चालू असताना मुलींच्या स्वच्छतागृहाला ते कुलूप लावायचे. मुली इकडेतिकडे भटकतात म्हणे. एका मुलीची वर्गात फजिती झाली. मी हातोडी आणून ते कुलूप फोडले. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी लिहिले की या शिक्षिकेत रिस्ट्रेंटचा अभाव आहे, आणि मला बढती मिळाली नाही. त्यांना मी माझे कानातले श्रवणयंत्र देते. बॅटरी नवी घालून द्यावी. ऐकायला सुरुवात करायला अजून वेळ गेलेली नाही.

आता मावशींबद्दल. दादाचे मनगट पुन्हा गजाला लावणारी ती बाई म्हणजे त्याच. निवासात कामाला असलेल्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात, पण या मृत्युपत्रात मावशी म्हटले की त्या एकट्याच समजाव्यात. ओळखपत्राची प्रत वकीलबाईंकडे आहे.

मला आवारात जायला बंदी होती. फाटकासमोरच्या बसथांब्यावर बसायला नव्हती. मी रोज दुपारी तिथे जाऊन बसायचे. काही दिसायचे नाही, नुसती भिंत. एक दिवस पाळी संपवून मावशी बाहेर आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. बस आली, गेली. त्या चढल्या नाहीत.

"तुमच्या भावाचे हात मी बांधते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला शिव्या देणार असाल तर देऊन टाका."

"दिल्या असत्या तर तुम्ही सोडल्या असत्यात गाठी?"

"सोडते की. डॉक्टरांची फेरी झाली की सोडते, साहेब यायच्या आधी लावते. पण मग ते उठतात हो. भिंतीचा रंग नखाने खरवडत बसतात. मला त्यांच्यामागे फिरायला जमत नाही, माझ्याकडे एकूण अकरा जण."

मी दुसऱ्या दिवशी जाताना कारखान्यातून लाकडाचा एक ठोकळा आणि पॉलिशपेपर नेला. मावशींनी तो पिशवीत घातला. संध्याकाळी त्या धावतच रस्ता ओलांडून आल्या. "बाई! जेवल्यापासून घासतायत. जागचे हलले नाहीत. मध्ये मला हाक मारली. मला वाटलं, पाणी हवंय. तर ठोकळा माझ्या गालाला लावला. म्हणाले, गुळगुळीत झालाय का सांग." सांगताना त्यांनी आपल्या गालाला हात लावला आणि आम्ही दोघी त्या बाकावर बसून हसलो. त्या सगळ्या काळात मी तेवढीच हसले.

बरेच दिवस असे चालले. मी ठोकळे पुरवायचे. मग व्यवस्थापकाने एक ठोकळा पाहिला. लाकूड हे हत्यार ठरले, पॉलिशपेपर हे धारदार साधन ठरले, आणि मावशींची नोकरी गेली. पट्ट्या परत बांधल्या गेल्या, आणि आता त्या दिवसभर राहू लागल्या, कारण नव्या बाईला सोडायचे धाडस नव्हते.

मावशी त्याच दिवशी माझ्या घरी आल्या. दारातच म्हणाल्या, "कोर्टात बोलायचं असेल तर मी बोलते. आता माझं काय घेतील?" वकीलबाईंनी अर्ज केला. सुनावणीला भाचा समोर बसला होता, माझ्याकडे न बघता. व्यवस्थापक बोलला, त्यांचे डॉक्टर बोलले. रिस्ट्रेन, रिस्ट्रेंट, सॉफ्ट रिस्ट्रेंट, प्रोटोकॉल. मी डोळे मिटून ऐकत होते. वर्गात गृहपाठ न केलेली मुले असेच बोलतात.

मग मावशी उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी विचारले, "पेशंटला रिस्ट्रेन करत होते, हे तुम्ही पाहिलं?"

"ते मला माहीत नाही साहेब. मी बांधायची."

"तुम्ही?"

"हो. मीच. हात पहिले, मग पाय. गाठ मागून मारायची, म्हणजे त्यांना दाताने सोडवता येत नाही. तसं शिकवलं होतं. पहिले काही दिवस ते मला विचारायचे, माझं काय चुकलं? मी सांगायची, काही नाही चुकलं काका. मग त्यांनी विचारणं सोडलं. बांधायला गेलं की स्वतःच हात पुढे करायचे."

भाच्याने मान खाली घातली होती. मला वाटले, आता तो काहीतरी बोलेल. तो नाही बोलला.

हुकूम उठला. दादाचा ताबा मला मिळाला, मावशींनी दिवसभर सोबत राहावे या अटीवर. त्याला आणले त्या दिवशी आम्ही त्याला खाली, कारखान्यातच, त्याच्या कामाच्या बाकाजवळ बसवले. माझी अशी कल्पना होती की लाकडाचा वास आला की तो जागा होईल. सगळे पुन्हा सुरू होईल.

तो बसला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, मनगटे वर करून, गप्प. समोर पाण्याचा पेला ठेवला. तो पेल्याकडे बघत राहिला. ओठ कोरडे पडले होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले की तो वाट बघतो आहे.

"दादा, हात मोकळे आहेत. घे पाणी."

"सोडलेत?"

"सोडलेत."

तेव्हा त्याने पेला उचलला. दर वेळी असेच सांगावे लागले. जेवताना, तोंड पुसताना, डोळ्यावर माशी बसली तरी. खाटेवर निजला की हात गजाच्या जागी नेऊन ठेवायचा. आमच्या खाटेला गज नव्हते. मावशी त्याचे हात उचलून पांघरुणाखाली घ्यायच्या, तो पुन्हा बाहेर काढून ठेवायचा. रंध्याला त्याने मरेपर्यंत बोट लावले नाही. ठोकळा दिला तर मांडीवर धरून बसायचा. हिवाळा संपता संपता तो गेला. छातीत कफ झाला होता.

मी कोर्टात जिंकले. लोकांनी अभिनंदन केले.

तर हे घर, वरचा मजला आणि खालचा कारखाना, आतल्या सामानासह, माझ्या पश्चात मावशींच्या पूर्ण मालकीचे होईल. त्यांनी राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, हिरवा रंग द्यावा. मला हिरवा आवडत नाही, पण माझे ऐकायची सक्ती नाही. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या माझ्यावरच उखडल्या.

"नको बाई. लोक म्हणतील, म्हातारीला गोड बोलून घर लाटलं."

"तुम्ही गोड कधी बोललात?"

"मी त्यांना बांधत होते, बाई. आणि तुम्ही मला घर देता?"

"तुम्ही बांधलंत आणि बांधलं असं म्हणालात. म्हणून देते."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आपटत बसल्या. त्यांचा होकार मी गृहीत धरला आहे. मावशींनी मला फसवले, भुलवले, धमकावले असा दावा कोणी केला तर वरील सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा.

कलम तिसरे. बँकेतील माझी शिल्लक. निवासाविरुद्ध मी केलेली तक्रार अजून चालू आहे. मी मेल्यावर ती बंद पडेल अशी व्यवस्थापकाची आशा आहे, असे त्याच्या वकिलानेच आमच्या वकीलबाईंना हसत सांगितले. ती बंद पडणार नाही. तिथल्या शेवटच्या खाटेवरची शेवटची पट्टी सुटेपर्यंत माझे सगळे पैसे त्या तक्रारीवर खर्च व्हावेत. काही उरलेच तर शाळेच्या वाचनालयाला द्यावेत. माझे शब्दकोशही तिथेच जातील. त्यांना कुलूपबंद कपाटात ठेवू नये.

कलम चौथे. माझ्यापुरते. वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, जिवंतपणीच्या गोष्टी त्यात बसत नाहीत. त्यासाठी वेगळा कागद केला आहे. तरीही इथे लिहिते. माझे डोके गेले तर मला उठू द्यावे. मी भलत्या दारात गेले तर परत आणावे, पुन्हा गेले तर पुन्हा आणावे. पडले तर पडू द्यावे. हाड मोडले तर जोडावे, नाही जोडले गेले तर राहू द्यावे. मला कोणीही, कोणत्याही भाषेत, बांधू नये.

कलम पाचवे. माझा भाचा.

दादाचे कपडे निवासातून परत आले तेव्हा गाठोड्यात धुऊन घडी घातलेल्या चार पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. धोब्याने त्याच्या खाटेचा क्रमांक पाहून त्याच्याच कपड्यांत घातल्या असाव्यात. त्या मी भाच्याला देते. त्याने त्या टाकून दिल्या तरी हरकत नाही, पण एकदा हातात घ्याव्यात.

दादाची हत्यारे, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती, गुण्या आणि आमच्या आजोबांपासून चालत आलेली लाकडी पेटी, ही घराच्या सामानात धरू नयेत. ती माझ्या पश्चात मावशींच्या ताब्यात राहतील, पण मालकी भाच्याची होऊ शकते. त्याची अट अशी.

दादाला जाऊन वर्ष झाल्यावर भाचा माझ्याकडे आला होता. थकलेला दिसत होता. केस पांढरे व्हायला लागले आहेत. अंत्ययात्रेत तो रडला होता, खरे रडला होता, ते मी विसरलेले नाही. खाली कारखान्यात जाऊन तो पेटीजवळ उभा राहिला.

"आत्या, एवढी बाबांची पेटी मला दे. घराचं मला काही नको."

"देते. काय झालं ते सांग."

"तुला माहीतच आहे."

"तुझ्या तोंडून."

त्याने पेटीच्या झाकणावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "त्यांना तिथे... परिस्थितीच तशी होती. बाबांना बांधावं लागलं."

"नाही."

"बांधलं गेलं त्यांना. मान्य आहे मला."

"नाही."

"सही मी केली होती, आत्या! अजून काय ऐकायचंय तुला?"

तो कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसला. पाठ माझ्याकडे. त्याचे खांदे दादासारखे आहेत. मला वाटले उठून जावे, त्या पाठीवर हात ठेवावा. मी गेले नाही. थोड्या वेळाने तो निघून गेला.

तेव्हा अट एवढीच: भाच्याने माझ्यासमोर, आणि मी नसल्यास मावशींसमोर, उभे राहून म्हणावे, "मी बाबांना बांधलं." तीन शब्द. कर्ता पहिला. लागलं, गेलं, झालं, यांपैकी काही जोडू नये. कारण सांगू नये. माफी मागायची गरज नाही. ऐकणाऱ्याने त्यावर काही बोलू नये, पेटी उचलून त्याच्या हातात द्यावी, आणि ती जड आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने धरून त्याच्या गाडीपर्यंत सोबत जावे.

या अटीला मुदत नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, चुका दुरुस्त केल्या आणि मला मान्य आहे म्हणून आज या दोघांच्या देखत सही करते. ज्यांना या मृत्युपत्राने काही मिळते त्यांना साक्षीला बोलावलेले नाही.

स्थळ: वरचा मजला, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: सहीखाली, माझ्याच अक्षरात.

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिल्या: (सही)
दंतवैद्य, समोरचे घर. बाईंनी आमच्यादेखत सही केली. हात थरथरत नव्हता.

साक्षीदार दुसरे: (सही)
कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. बाई शुद्धीवर आहेत. साक्षीची माझी दोन वाक्ये त्यांनी तपासून एक परत लिहायला लावले.